आय डू की आय ॲम डूइंग? ‘करतो’ आणि ‘करून राहिलो’चं धंद्याचं इंग्रजी



व्हॉट्सॲपवर पार्टीला इंग्रजीत मेसेज कसा लिहायचा, या विषयावर मी व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न ठरलेलाच असतो. “सर, वी सेल लिहायचं की वी आर सेलिंग?” उत्तर सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. रोजचं असेल तर साधा वर्तमानकाळ, आत्ता चालू असेल तर चालू वर्तमानकाळ. उत्तर बरोबर आहे. तरी हात मोबाइलवर गेला की गोंधळ होतोच. म्हणून आज जरा सावकाश, लिहूनच सांगतो. व्हिडिओत एवढं मावत नाही.

आधी यात पैसे कुठे अडकतात ते बघा. माझ्या बॅचमध्ये राजुऱ्याकडचे एक हार्डवेअरवाले भाऊ आहेत. हैदराबादच्या एका पार्टीकडून माल घेतात. पार्टीचा मेसेज आला, “वी आर गिव्हिंग फोर पर्सेंट डिस्काउंट ऑन धिस आयटम.” भाऊंनी वाचलं, आम्ही या मालावर चार टक्के सूट देतो. चांगलंच आहे की. त्यांनी तो रेट धरून एका ठेकेदाराला तीन महिन्यांचं कोटेशन देऊन टाकलं. पहिलं बिल आलं, सूट होती. दुसरं बिल दोन लाखांचं आलं, सूट नाही. म्हणजे आठ हजार गेले, आणि त्या मालात मार्जिन असतंच किती? भाऊंनी फोन लावला, आवाज चढला. समोरचा शांतपणे म्हणाला, “मी गिव्हिंग लिहिलं होतं, गिव्ह नाही.”

आणि इंग्रजी म्हणून बघितलं तर तो बरोबर होता. “वी गिव्ह फोर पर्सेंट” म्हणजे आमच्याकडे ही सूट असतेच, तो आमचा नियम आहे. “वी आर गिव्हिंग फोर पर्सेंट” म्हणजे सध्या देऊन राहिलो आहोत. कधीपर्यंत, ते सांगितलेलं नाही. तारीख लिहून घ्यायला हवी होती हे खरंच, पण तारीख विचारावी असं वाटायला आधी तो ‘इंग’ दिसायला पाहिजे.

आपल्या बल्लारपुरात हे जास्त जाणवतं, कारण आपण अगदी काठावर बसलो आहोत. गाडी बल्लारशाहहून दक्षिणेला निघाली की विरूर, आणि मग थोड्याच वेळात सिरपूर कागजनगर. तिकडे तेलुगू सुरू. तिथल्या व्यापाऱ्याला मराठी येत नाही, आपल्याला तेलुगू येत नाही, हिंदी दोघांनाही जेमतेम. बोलताना हिंदीवर भागतं, पण लिहायची वेळ आली, रेट आणि अटी कागदावर आल्या, की इंग्रजी. आणि अटी लिहिताना क्रियापदाचा काळ हीसुद्धा एक अटच असते.

आपल्या बोलीत उत्तर आधीच आहे

आता गंमत बघा. पुण्या-मुंबईकडची मंडळी आपली एका गोष्टीवरून थट्टा करतात. आपण म्हणतो, “काय करून राहिले भाऊ?” “जेवून राहिलो.” “पाऊस पडून राहिला.” त्यांना हे हिंदी वाटतं. करून राहिला, कर रहा है. हिंदीचा शेजार आहे, साम्य आहे, मान्य. पण इंग्रजी शिकताना हा ‘राहिलो’ म्हणजे आपल्या हातातला वजनकाटा आहे. कारण पुस्तकी मराठीतला ‘करतो’ फार कामं एकट्यानं करतो. “मी दुकान चालवतो” हा धंदा झाला. “थांब, बिल करतो” हे या क्षणाचं झालं. “उद्या माल पाठवतो” हा तर भविष्यकाळ. तिन्ही वाक्यांत क्रियापदाचं रूप एकच. इंग्रजीत मात्र तिघांना तीन वेगळे दरवाजे आहेत.

तर पहिली युक्ती ही. वाक्य इंग्रजीत नेण्याआधी आपल्या घरच्या बोलीत म्हणून बघा. ‘राहिलो’ सहज बसतो का? बसत असेल तर ‘इंग’. बसत नसेल, साधा ‘करतो’च बरा वाटत असेल, तर ‘इंग’ नको.

माझंच उदाहरण घ्या. माझं स्टेशनरी आणि पॅकिंगच्या सामानाचं दुकान. कोणी विचारलं तर मी म्हणेन, “पॅकिंगचं सामान विकतो.” “विकून राहिलो” म्हणालो तर ऐकणारा म्हणेल, का बुवा, दुकान काढून टाकताय का? म्हणून इंग्रजीत, “आय सेल पॅकिंग मटेरियल.” पण शेजारचा किराणावाला दिवाळीत दुकानासमोर टेबल टाकतो. त्याला विचारलं तर तो म्हणेल, “सध्या पणत्या आणि आकाशकंदील विकून राहिलो.” इंग्रजीत, “आय ॲम सेलिंग लँटर्न्स धिस मंथ.” आणि हे लक्षात घ्या की ज्या क्षणी तो सांगतो त्या क्षणी त्याच्या हातात कंदील नसतो, चहाचा कप असतो. तरी ‘सेलिंग’च. चालू वर्तमानकाळ म्हणजे फक्त या सेकंदाचं, असं जे शाळेत डोक्यात बसतं ते अर्धंच खरं आहे. ‘सध्या’, ‘या दिवसांत’, ‘यंदा’, म्हणजे ज्याला पुढे कुठेतरी शेवट आहे असं काहीही ‘इंग’मध्ये जातं. शेवट डोळ्यासमोर नसेल तर साधा.

दुकानातला मुलगा कायमचा असेल तर “ही वर्क्स फॉर मी.” उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता भाचा आला असेल तर “ही इज वर्किंग विथ मी.” ज्याला ऐकून फरक कळतो तो दुसऱ्याला विचारेल, “अच्छा, कधीपर्यंत आहे?” हाच प्रश्न आपल्या हार्डवेअरवाल्या भाऊंनी त्या पार्टीला विचारायला पाहिजे होता.

(‘वर्क्स’मधला तो शेवटचा ‘स’ विसरू नका. ही, शी, इट किंवा एकच नाव असेल तर साध्या वर्तमानात ‘स’. द शॉप ओपन्स. द ट्रान्सपोर्ट चार्जेस. यावर वेगळा व्हिडिओ आहे, इथे वेळ घालवत नाही.)

‘आहे’ दिसला की ‘ॲम’ लावायची सवय

आता खरा घोटाळा. “आय ॲम गोइंग टू मार्केट डेली.” “वी आर सप्लाइंग टू होटेल्स सिन्स मेनी इयर्स.” “ही इज कमिंग एव्हरी मंडे.” अशी वाक्यं चांगल्या शिकलेल्या माणसांच्या मेसेजमध्ये दिसतात. ही येतात कुठून?

माझं मत असं की ही मराठीतूनच येतात, आणि त्यात आळस वगैरे काही नाही, उलट जास्त प्रामाणिकपणा आहे. शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. वर्तमानकाळाचे चार प्रकार. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि चौथा रीति वर्तमानकाळ. “मी रोज फिरायला जात असतो.” “तो दर सोमवारी येत असतो.” रीत म्हणजे सवय. मराठीनं सवयीसाठी एक खास रूप ठेवलं आहे, आणि त्या रूपात ‘जात’ पण आहे आणि ‘असतो’ पण आहे. प्रामाणिक विद्यार्थी काय करतो? ‘जात’चं ‘गोइंग’ करतो, ‘असतो’चं ‘ॲम’ करतो. शब्दाला शब्द लावला. हिशोब जुळला. वाक्य चुकलं.

इंग्रजीत या रीतीसाठी वेगळं रूपच नाही. तिथे साधा वर्तमानकाळच रीति वर्तमानकाळाचं काम करतो. म्हणून वहीत एक ओळ लिहून घ्या. ‘करत असतो’ दिसलं की ‘इंग’ काढून टाका. “मी महिन्यातून दोनदा नागपूरला जात असतो”, “आय गो टू नागपूर ट्वाइस अ मंथ.” एवढंच. आणि डेली, एव्हरी मंडे, युजुअली, ऑफन असे शब्द आले की शंभरातल्या पंच्याण्णव वेळा साधाच.

उरलेल्या पाच वेळांतली एक फार उपयोगाची आहे. “यू आर ऑलवेज सेंडिंग लेट.” हे व्याकरणानं बरोबर आहे, पण याचा अर्थ “तुम्ही नेहमी उशिरा पाठवता” एवढाच होत नाही. ‘ऑलवेज’ बरोबर ‘इंग’ आलं की त्यात वैताग येतो. आपल्याकडे आई म्हणते ना, “सारखा मोबाइल घेऊन बसलेला असतोस”, तो सूर. जुन्या पार्टीला तुम्ही नुसती माहिती द्यायला लिहिलं, त्यानं रागावून वाचलं, असं होऊ शकतं. रागवायचं असेल तर खुशाल लिहा. नसेल तर “द मटेरियल ऑफन रीचेस लेट.” यात बोट दाखवलेलं नाही, तक्रार मात्र पोचते.

‘पासून’चंही सांगून टाकतो. “दहा वर्षांपासून दुकान चालवतो” याला साधाही चालत नाही आणि चालूही नाही. “आय हॅव बीन रनिंग द शॉप फॉर टेन इयर्स.” मराठी वाक्यात ‘पासून’ दिसला की या दोघांच्या भांडणात पडूच नका, तिसऱ्याकडे जा.

ज्या गोष्टी ‘केल्या’ जात नाहीत

“आय ॲम हॅविंग टू शॉप्स.” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, म्हटलंही असेल. “माझ्याकडे दोन दुकानं आहेत.” परत तोच ‘आहे’. पण इथे आपल्या बोलीचा काटा लावून बघा. “माझ्याजवळ दोन दुकानं असून राहिली” असं कोणी म्हणतं का? नाही. कारण दुकान असणं ही काही करायची क्रिया नाही. ती स्थिती आहे. सकाळी उठून तुम्ही दुकान ‘असत’ बसत नाही, ते आहेच. इंग्रजीत अशा स्थितीच्या क्रियापदांना ‘इंग’ लागत नाही. हॅव, ओन, नो, नीड, वाँट, कॉस्ट, बिलाँग, कंटेन. “आय हॅव टू शॉप्स.” “वी नीड फिफ्टी बॉक्सेस.” “इट कॉस्ट्स नाइन्टी रुपीज.” “आय नो हिम.”

पण सावध. यातली काही क्रियापदं दोन घरांत राहतात. “आय ॲम हॅविंग लंच” बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवण तर करावंच लागतं. “आय थिंक द रेट इज हाय” हे मत झालं. “आय ॲम थिंकिंग ऑफ टेकिंग अ गोडाऊन” म्हणजे मनात विचार चालू आहे, ठरलेलं नाही. दुकानदाराला सगळ्यात जवळचं उदाहरण वजनाचं. “द बॉक्स वेज टेन किलोज”, खोक्याचं वजन दहा किलो आहे, ते उद्याही दहा किलोच असेल. “ही इज वेइंग द बॉक्स”, तो खोकं काट्यावर ठेवून वजन करून राहिला. पहिल्यात खोकं काहीच करत नाही. दुसऱ्यात माणूस घाम गाळतो आहे. ‘इंग’ घाम गाळणाऱ्याला.

आणि इथेच आपला काटा एकदा दगा देतो, तेही सांगायला पाहिजे. आपण म्हणतो, “मले समजून नाही राहिलं.” ‘राहिलं’ बसलं! मग “आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग” का? नाही. “आय डोन्ट अंडरस्टँड.” समजणं, पटणं, आठवणं ही मनातली कामं आपल्या बोलीत सर्रास ‘राहिलं’ घेतात, इंग्रजीत बहुतेक घेत नाहीत. तेवढा अपवाद पाठ करा.

कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. मॅकडोनाल्ड्सची 2003 पासूनची ओळ आहे, “आय ॲम लव्हिंग इट.” लव्ह तर मनातलं क्रियापद, मग ‘इंग’ कसं? त्यांना ते माहीत होतं. नियम थोडा वाकवला म्हणून ओळ कानाला टोचली, आणि टोचली म्हणून लक्षात राहिली. शिवाय आजकालच्या बोलण्यात असं वापरतातही, ‘या क्षणी फारच आवडून राहिलं’ या अर्थानं. जाहिरातीत चालतं. कोटेशनमध्ये “वी आर लव्हिंग युवर ऑर्डर” लिहू नका.

‘इंग’च्या या आपल्या वेडावर एक प्रसिद्ध कविताही आहे. निस्सीम इझिकेल यांचं नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. जन्म 1924 चा, मुंबईचा. बेने इस्रायली घराणं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा ज्यू समाज. मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता म्हणजे ऑफिसातल्या निरोप समारंभाचं भाषण आहे, आणि बोलणारा माणूस जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावतो. कॉलेजात ती शिकवली जाते तेव्हा वर्ग हसतो. मला ती कविता आवडते, पण वर्गात त्यावर जे हसू येतं ते मला पूर्ण पटत नाही. तो भाषण करणारा माणूस मनापासून बोलतो आहे. त्याला चांगलं, जरा भारदस्त इंग्रजी बोलायचं आहे, आणि लांब क्रियापद त्याला जास्त आदराचं वाटतं. आपल्याकडेही हेच असतं. “आय वाँट” तुटक वाटतं, “आय ॲम वाँटिंग” नम्र वाटतं. मराठीत “मला हवं” पेक्षा “मला हवं होतं” जास्त मऊ वाटतं ना, तसंच. नम्रपणा हवाच असेल तर इंग्रजीत त्याची जागा वेगळी आहे. “आय वुड लाइक फिफ्टी बॉक्सेस.” तो मऊपणा ‘इंग’मध्ये शोधू नका.

बल्लारशाह स्टेशनवर फुकटचा क्लास

दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या लाइनवरचं आपलं स्टेशन. तिथे दहा मिनिटं उभं राहिलात तर दोन्ही काळ ऐकायला-वाचायला मिळतात. टाइमटेबलमध्ये काय असतं? अराइव्ज, डिपार्ट्स. ग्रँड ट्रंक अमुक वाजता येते, तमुक वाजता सुटते. ठरलेलं, छापलेलं, उद्याही तेच. साधा वर्तमानकाळ. आणि भोंग्यावर बाई काय सांगते? “इज अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर…” ही आजची गाडी, आत्ताची, येऊन राहिली. तीच गाडी, तेच स्टेशन. छापील नियमाला एक काळ, आज रुळावर जे घडतं आहे त्याला दुसरा. गाडी दोन तास लेट असली तरी टाइमटेबलमधलं ‘अराइव्ज’ बदलत नाही, हेही ध्यानात घ्या. नियम आणि आजची हकिकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बघा, दोन्हीकडे वेळ पुढची आहे. “द ट्रेन लीव्ज ॲट सेव्हन टुमॉरो”, वेळापत्रक. “आय ॲम गोइंग टू नागपूर टुमॉरो”, माझं ठरलं आहे, तिकीट काढलं आहे. आपण मराठीत “उद्या नागपूरला जातो” म्हणतो म्हणून “आय गो टू नागपूर टुमॉरो” लिहून मोकळे होतो. माणसाचा बेत असेल तर ‘गोइंग’.

पण सगळ्यात जास्त नुकसान करणारा ‘करतो’ हा आहे. “पाठवतो.” “बघतो.” “सांगतो.” दुकानदाराचा दिवस या तीन शब्दांवर चालतो. पार्टीनं विचारलं, माल कधी? तुम्ही म्हणालात, “उद्या पाठवतो.” हे आश्वासन आहे. इंग्रजीत ना ‘सेंड’, ना ‘ॲम सेंडिंग’. “आय विल सेंड इट टुमॉरो.” तुम्ही “आय ॲम सेंडिंग” लिहिलंत तर समोरचा समजेल की पॅकिंग झालं, ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलणं झालं, फक्त गाडीत चढायचं बाकी. “आय सेंड” लिहिलंत तर त्याला काहीच समजणार नाही. आणि “बघतो”चं इंग्रजी मला विचारू नका. त्याचा खरा अर्थ आपल्याला आणि आपल्या देवालाच माहीत.

पाटी आणि अटी

दुकानाच्या काचेवर किंवा गुगलवर जे इंग्रजी लिहितो ते तर जगासाठी असतं, म्हणून तिथे दोनदा वाचा. “वी आर क्लोजिंग ऑन वेन्सडे.” लिहिणाऱ्याला सांगायचं होतं की आमची बुधवारी सुट्टी असते. वाचणाऱ्याला वाटतं की येत्या बुधवारी दुकान कायमचं बंद होतंय, चला, सेल लागला असेल. साप्ताहिक सुट्टीसाठी “वी आर क्लोज्ड ऑन वेन्सडेज.” वेळेसाठी “वी ओपन ॲट नाइन, वी क्लोज ॲट नाइन.” ‘क्लोजिंग’ हा शब्द पाटीवर फक्त शेवटच्या वेळी लिहायचा, आणि ती वेळ कोणावर न येवो.

तसंच अटींचं. समजा तुम्ही बांबूच्या वस्तू करता. आपल्या जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र झाल्यापासून बऱ्याच ताया दिवे, ट्रे, पेनस्टँड करायला लागल्या आहेत, आणि बाहेरगावहून मेसेजवर चौकशी येते. पहिला प्रश्न असतो, “डू यू मेक लॅम्प्स?” याला “यस, वी आर मेकिंग लॅम्प्स” असं उत्तर दिलं तर वाचणारा समजू शकतो की सध्या एक ऑर्डर चालू आहे म्हणून दिवे करताय, एरवी करत असालच असं नाही. “यस, वी मेक लॅम्प्स” म्हणा. हा आमचा धंदा आहे. प्रश्न ‘डू’नं सुरू झाला तर उत्तरात साधा काळ, ‘आर यू’नं सुरू झाला तर ‘इंग’, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

पुढचा मेसेज फुटलेल्या मालाबद्दल. “वी रिप्लेस डॅमेज्ड पीसेस.” हे लिहिलं की तुम्ही नियम दिलात. पुढच्या वर्षी दोन नग फुटले तरी तो हा मेसेज पुढे करेल, आणि बरोबर करेल. “वी आर रिप्लेसिंग द डॅमेज्ड पीसेस.” म्हणजे या खेपेचे बदलून देऊन राहिलो. पुढचं पुढे. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. कोणतं लिहायचं हे व्याकरण ठरवत नाही, तुमचं गल्ल्यातलं गणित ठरवतं. उधारीचंही तसंच. “वी गिव्ह थर्टी डेज क्रेडिट” लिहायच्या आधी तीनदा विचार करा. एखाद्या पार्टीला ओळखीखातर दिली असेल तर “फॉर धिस ऑर्डर वी आर गिव्हिंग थर्टी डेज.” आणि वाचताना उलट. समोरच्यानं ‘गिव्ह’ लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. ‘गिव्हिंग’ लिहिलं असेल तर “टिल व्हेन?” विचारा.

मुलाखतीला जाणाऱ्या पोरांसाठीही हेच. “व्हॉट डू यू डू?” म्हणजे तुम्ही पोटापाण्याला काय करता. “व्हॉट आर यू डूइंग?” म्हणजे आत्ता किंवा सध्या काय चाललंय. “आय वर्क इन अ मेडिकल स्टोअर” आणि “आय ॲम वर्किंग इन अ मेडिकल स्टोअर” यातलं दुसरं ऐकलं की मालकाला वाटतं, हा तिथे तात्पुरता आहे, इथे यायला तयार आहे. म्हणजे नोकरी बदलायची असेल तर ‘इंग’ तुमच्या कामाचंच आहे.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, कारण मला घाबरवून क्लास भरवायचा नाही. भारतातल्या भारतात “आय ॲम हॅविंग टू शॉप्स” म्हणालात तर कोणी व्यवहार मोडत नाही. समोरचाही तसंच बोलतो. आणि हे इंग्रजांच्याही रक्तात पहिल्यापासून होतं असं नाही. शेक्सपिअरच्या नाटकात पोलोनियस हॅम्लेटला तो काय वाचतो आहे हे विचारतो ते साध्या वर्तमानकाळात. आज तसं विचारलं तर इंग्रजीचा मास्तर लाल पेन काढेल. दोन काळांमधली आजची पक्की भिंत नंतर उभी राहिली. जर्मन भाषेत तर आजही ‘करतो’ आणि ‘करतोय’ला क्रियापदाचं एकच रूप चालतं, म्हणून जर्मन माणूसही इंग्रजी लिहिताना इथेच अडखळतो. तेव्हा बोलताना बिनधास्त बोला. थांबून बघायचं ते फक्त चार ठिकाणी. रेट, सूट, उधारी आणि माल बदलून देणं.

आता वही काढा. खालची वाक्यं आधी आपल्या बोलीत म्हणा, ‘राहिलो’ लावून बघा, मग इंग्रजीत लिहा. कमेंटमध्ये टाका, मी रात्री दुकान वाढवल्यावर तपासतो.

“आम्ही होम डिलिव्हरी देतो.” “पावसामुळे या आठवड्यात डिलिव्हरी देत नाही.” “या खोक्यात बारा नग असतात.” “आमचे कारागीर तुमची ऑर्डर करत आहेत.” “मी दर शनिवारी वसुलीला जात असतो.” “तुमचा हिशोब मला समजून नाही राहिला.” आणि शेवटचं, जरा डोकं लावून: “भाऊ, पैसे उद्या देतो.”

शेवटच्याला दोन उत्तरं येऊ शकतात. कोणतं लिहायचं हे तुम्ही खरंच उद्या देणार आहात का, यावर आहे.